श्रीलंका ८ दिवस, सोबत आईबाबा आणि लेक... यातलं काय गाळू?

ढकलगाडी
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत श्रीलंकेला जायचं ठरलंय, विमानाची तिकिटं काढून झालीत त्यामुळे आता मागे फिरणे नाही. आम्ही पाच जण, मी, बायको, ९ वर्षांची लेक आणि आईबाबा. बाबा ७१ चे पण टुणटुणीत, अजून रोज सकाळी पांडवलेणी चढून येतात. आई ६७ ची, तिचा उजवा गुडघा बोलतो, सपाटीवर दोन तास चालेल पण पायऱ्या म्हटलं की चेहरा पडतो.

एजंटने दिलेला प्लॅन असा आहे: पहाटे उतरून थेट सिगिरिया, दुसऱ्या दिवशी सिगिरिया चढणे आणि दांबुला, तिसऱ्या दिवशी त्रिंकोमाली जाऊन संध्याकाळी परत, चौथा कँडी, पाचवा नुवारा एलिया, सहावा एल्ला, सातव्या दिवशी पहाटे याला नॅशनल पार्कची सफारी आणि रात्री गॉल, आठव्या दिवशी व्हेल बघून बेंटोटा करून कोलंबो दर्शन आणि रात्रीचं विमान. मी म्हटलं जरा जास्त होतंय का, तर म्हणे साहेब देश केवढा, तुमच्या महाराष्ट्राचा जेमतेम पाचवा हिस्सा, सगळं होतं. नकाशावर बघितलं तर खरंच सगळं हाकेच्या अंतरावर वाटतंय पण मला आतून कुठेतरी वाटतंय की आई तिसऱ्या दिवशी म्हणणार मला हॉटेलातच राहू द्या. जाऊन आलेल्यांनी सांगा यातलं काय ठेवू काय गाळू. सरसकट "सगळंच छान आहे" असं नको प्लीज, ते एजंटने सांगितलंय.

लोणचं_मुरलेलं
अहो हा प्लॅन नाही हो, ही एसटीची पाटी आहे.

आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन गेलो होतो, तेव्हा असाच प्लॅन गळ्यात पडला होता म्हणून पोटतिडकीने लिहितेय. तिकडे किलोमीटर बघूच नका, तास बघा. एक्सप्रेसवे सोडले तर बाकी बहुतेक रस्ते दोन पदरी, चांगले आहेत, खड्डे नाहीत, पण वळणावळणाचे आणि मध्ये टुकटुक, सायकली, शाळेची पोरं, त्यामुळे तासाला ३५-४० च्या वर गाडी जातच नाही. सिगिरिया ते कँडी ९० च्या आसपास किलोमीटर, आम्हाला तीन तास लागले. कँडी ते नुवारा एलिया पाऊणशे, परत तीन तास आणि तो सगळा घाट. तुमच्या आईंना पायऱ्यांनी त्रास होणार नाही एवढा गाडीत पाय मुडपून बसून होईल, सासूबाईंचे पाय चौथ्या दिवशी सुजून टम्म झाले होते आणि आम्ही मसाल्याच्या बागेत उभे, तिथला माणूस कुठल्या तेलाने गुडघे बरे होतात ते सांगतोय आणि सासूबाई पर्स उघडतायत!! ते एक सांगूनच ठेवते, मातलेच्या बाजूला रस्त्याला लागून त्या मसाल्याच्या बागा आहेत, बघायला मजा येते, दालचिनी सोलून दाखवतात, पण ड्रायव्हरचं तिथे कमिशन असतं आणि तेलं बाटल्या भयंकर महाग. रत्नांच्या दुकानांचंही तेच.

आईंसाठी सगळ्यात छान म्हणजे कँडीजवळची पेरादेनियाची बाग. १४७ एकर आहे पण सपाट, बाकं भरपूर, एका झाडाचा विस्तार एवढा की खाली लग्नाचा मांडव पडेल, आणि उंच झाडांना शेकडो वटवाघळं लटकलेली, मोठी कोल्ह्याच्या तोंडाची, तुमच्या लेकीला तेवढंच लक्षात राहील बघा. दांबुलाच्या गुहामंदिरांना पायऱ्या आहेत पण बऱ्याच रुंद, थांबत थांबत जाता येतं. चपला वर दाराशी काढाव्या लागतात आणि आतलं कातळाचं अंगण दुपारी तव्यासारखं तापतं, सगळ्यांचे जुने मोजे बरोबर ठेवा. मी नाचत नाचत पाच गुहा बघितल्या.

आंबेमोहोर
नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं कोलंबोत आहे, आत्तापर्यंत माहेर सासर मिळून सात बॅचेस फिरवून झाल्यात त्यामुळे हा विषय तोंडपाठ आहे.

पहिली गोष्ट, त्रिंकोमाली आधी काढा. या बेटावर पाऊस दोनदा येतो आणि दोन वेगवेगळ्या बाजूंनी. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतो म्हणजे कोलंबो गॉल वगैरे, तेव्हा पूर्वेला लख्ख ऊन असतं. आणि साधारण नोव्हेंबर ते जानेवारी ईशान्येचा, तेव्हा त्रिंकोमाली, आरुगम बे हा सगळा पट्टा ओला आणि समुद्र खवळलेला. डिसेंबरात त्रिंकोमालीला बीचसाठी नेणारा एजंट म्हणजे जुलैत गणपतीपुळ्याला पोहायला नेण्यासारखं झालं. कोणेश्वरमचं देऊळ सुंदर आहे, समुद्रात घुसलेल्या कड्याच्या टोकावर, पण त्यासाठी सिगिरियाहून जाऊन येऊन पाच तास गाडीत घालवायला मी सांगणार नाही. परत कधी जुलैत याल तेव्हा करा.

दुसरं, ईशान्येचा पाऊस थोडाफार सिगिरियालाही असतो डिसेंबरात. बहुतेक दुपारनंतर कोसळतो, म्हणून तिकडची सगळी चढाई सकाळी ७ ला सुरू करून १० ला खाली या. उन्हाच्या दृष्टीनेही तेच बरं.

तिसरं, कोलंबो दर्शन. मी इथे राहते आणि मला हे शहर आवडतं पण ८ दिवसांच्या ट्रिपमध्ये लोटस टॉवर बघायला शेवटचा दिवस जाळू नका. गॉलहून एक्सप्रेसवेने थेट विमानतळ गाठा, अडीच तीन तास, बास.

चौथं, याला आणि उदवलवे या दोन जंगलांत गोंधळ होतो लोकांचा. यालाला बिबट्यासाठी जातात, दिसला तर दिसला, सीझनमध्ये एका बिबट्यामागे तीस जीपा लागलेल्या असतात आणि धूळ खायची. उदवलवेला बिबट्याची आशा नको पण हत्ती हमखास, उघडं माळरान आहे त्यामुळे कळप लांबून दिसतो. शिवाय बाहेरच अनाथ पिल्लांचं केंद्र आहे, ठरावीक वेळेला पिल्लं धावत येतात आणि नळीने दूध पितात, आपण लांब ओट्यावर बसून बघायचं, हात लावायला देत नाहीत कारण मोठी झाली की परत जंगलात सोडतात. ९ वर्षांच्या मुलीसाठी मी डोळे झाकून उदवलवे सांगेन. एल्लाहून खाली उतरताना वाट थोडी वाकडी केली की लागतं.

आणि नुवारा एलिया गाळा. महाबळेश्वरचं धुकं आणि स्ट्रॉबेरी बघायला पासपोर्ट लागत नाही.

टेकडीवरचा
ताई नुवारा एलियावर एवढा राग का :) चहाचे मळे आहेत हो. बरं ते असो, मी फक्त सिगिरियावर बोलायला आलोय कारण लोक त्याला "तो मोठा दगड" म्हणून चढून सेल्फी काढून उतरतात आणि माझा जीव जळतो.

पाचव्या शतकातली गोष्ट. धातुसेन नावाचा राजा, त्याचा एक मुलगा कश्यप, तो पट्टराणीचा नाही. त्याने बापाला कैद करून राज्य घेतलं, खरा वारस मोग्गल्लान जीव वाचवून पळाला तो थेट भारतात. कश्यपाला वाटलं बापाने खजिना दडवलाय, सांग कुठाय म्हणून मागे लागला, तेव्हा म्हातारा म्हणाला मला एकदा माझ्या तलावावर ने. कलावेवा नावाचा अवाढव्य तलाव त्यानेच बांधलेला. तिथे पोचल्यावर पाण्यात उतरला, आंघोळ केली, ओंजळीत पाणी घेऊन म्हणाला ही एवढीच माझी दौलत. पोराने चिडून त्याला मारून टाकलं, भिंतीत चिणलं म्हणतात. आणि मग भावाच्या भीतीने हा पठ्ठ्या जुनी राजधानी सोडून या जवळजवळ २०० मीटर उंच कातळाच्या डोक्यावर महाल बांधून राहिला. इसवी सन ४७७ ते ४९५, अठरा वर्षं. शेवटी मोग्गल्लान सैन्य घेऊन परत आलाच. मजा म्हणजे लढाई खाली मैदानात झाली, एवढा अभेद्य दगड काही कामाचा नाही आला. आणि तो कलावेवा तलाव आजही भरतो, आजही त्याच्यावर शेती होते.

वर जाताना मध्यावर कातळाच्या खोबणीत ती प्रसिद्ध चित्रं आहेत, ढगातून वर आलेल्या बायका, हातात फुलं. फोटो काढू देत नाहीत, उत्तमच. आता गंमत बघा, आपल्या अजिंठ्याला १७ नंबरच्या लेण्यात सिंहलावदानाचं भलंमोठं चित्र आहे, सिंहल नावाचा व्यापाऱ्याचा मुलगा जहाजाने लंकेत उतरतो तो प्रसंग, आणि तेही साधारण याच शतकातलं. म्हणजे तिकडे सिगिरियाच्या बायका रंगवल्या जात होत्या तेव्हा इकडे वाघूर नदीच्या काठी कोणीतरी लंका रंगवत होतं. जायच्या आधी शक्य असेल तर लेकीला अजिंठा दाखवून न्या, नाशिकहून काही फार लांब नाही.

चित्रांच्या खाली आरशाची भिंत, चुन्याचा गिलावा घासून इतका गुळगुळीत केलेला की राजाला त्यात स्वतःचं रूप दिसे म्हणे. त्याच्यावर हजार बाराशे वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या लोकांनी कविता कोरून ठेवल्यात, बहुतेक त्या चित्रातल्या बायकांना उद्देशून. म्हणजे आपल्याकडे गडावर "पप्पू लव्ह पिंकी" लिहितात ते काही नवीन नाही, फक्त त्यांचं व्याकरण बरं होतं.

पायऱ्या साधारण १२००. बाबांना काहीच नाही. आईंनी खालच्या बागेत बसावं, पाण्याचे हौद आणि कारंजी आहेत, दीड हजार वर्षं जुनी आणि चांगला पाऊस झाला की त्यातली काही अजून उडतात. शेवटच्या चढाआधी सिंहाचे मोठे पंजे आहेत, तिथपर्यंत जायचं आणि वर नाही असंही चालतं, तिथे मोकळी जागा आहे. गांधीलमाशांची पोळी आहेत वर, गप्प राहा अशा पाट्या लावलेल्या दिसतील, त्या थट्टेत घेऊ नका.

लोणचं_मुरलेलं
+१ गांधीलमाशांबद्दल. आणि तिकिटाचं कोणीच नाही बोललं. सिगिरियाचं परदेशी माणसाचं तिकीट ३० डॉलरच्या वर आहे पण सार्क देशांच्या लोकांना जवळपास निम्म्यात, आपण त्यात येतो. त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो, आमचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत सुरक्षित होते!! नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तेव्हा सगळ्यांचे पासपोर्ट रोज बरोबर.

ढकलगाडी
अरे वा, एवढं भरभरून येईल असं वाटलं नव्हतं. त्रिंकोमाली आणि कोलंबो आत्ताच कटाप. याला ऐवजी उदवलवे, लेकीला आत्ताच सांगितलं, उड्या मारतेय.

पण नुवारा एलिया गाळता येणार नाही हो आंबेमोहोर ताई, बाबांची एकच मागणी आहे पूर्ण ट्रिपमध्ये, अशोकवाटिका. ती तिकडेच आहे ना?

अजून दोन प्रश्न. आई शाकाहारी, कांदा लसूण चालतो पण अंडंसुद्धा नाही. आणि कँडी ते एल्ला ट्रेनचे जे व्हिडिओ सगळे टाकतात, ती खरंच करावी का? रिझर्वेशन मिळतच नाही असं ऐकलं.

बिनसाखरेचा
अशोकवाटिका वगैरे सगळं टुरिस्ट लोकांसाठी उभं केलेलं आहे. रामायणातली लंका नक्की कुठली यावर विद्वानांचंच एकमत नाही आणि तुम्ही ओढ्याकाठच्या खळग्याला हनुमानाचं पाऊल म्हणून नमस्कार करणार. एक अख्खा दिवस वाया.

टेकडीवरचा
बिनसाखरेचा, बाबा ७१ वर्षांचे आहेत, त्यांना संशोधन निबंध नाही लिहायचा, नमस्कार करायचाय.

आंबेमोहोर
हाहा. बरं बाबांसाठी माझा शब्द मागे घेते. सीता अम्मन देऊळ, नुवारा एलियापासून अगदी जवळ, हक्कगला बागेच्या रस्त्यावर, त्या जागेचं नावच सीता एलिया. देऊळ छोटंसं आहे, दक्षिणेकडच्या पद्धतीचं, रंगीत. मागून ओढा वाहतो आणि पलीकडे दाट जंगलाचा डोंगर. माझे सासरे, जे एरवी देवळात चपला सांभाळायला बाहेर थांबतात, ते तिथे ओढ्याच्या काठावर अर्धा तास काही न बोलता बसले होते. पाऊल खरं की खोटं मला माहीत नाही, मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तासाभराचं काम आहे, अख्खा दिवस कशाला जातोय. उरलेल्या वेळात चहाची फॅक्टरी बघा, इथे आधी कॉफी होती, १८६९ नंतर पानांवरच्या रोगाने मळेच्या मळे बसले आणि मग चहा आला. स्वेटर न्या सगळ्यांचे, १८०० मीटरच्या वर आहे गाव, डिसेंबरात रात्री कुडकुडायला होतं आणि बऱ्याच हॉटेलात हीटर नावापुरता.

आता खाणं. राईस अँड करी म्हणाल तर शाकाहारी माणसाची चैन आहे, भाताभोवती चार पाच वाट्या, बीट, लांब शेंगा, वांगं, नारळाच्या दुधातली मसूर डाळ, कोवळ्या फणसाची भाजी जी खाऊन कोकणातला माणूस रडेल. पण!! एक गोष्ट नीट ऐका, उंबलकड. वाळवलेल्या टुना माशाचे लाकडासारखे टणक तुकडे असतात, ते कुटून कशातही घालतात. पोल संबोल म्हणजे आपली ओल्या खोबऱ्याची लाल चटणी समजा, दिसायला पक्की शाकाहारी, त्यात हमखास असतो. डाळीत, भाजीतही कधीकधी. आणि नुसतं शाकाहारी म्हटलं तर त्यांच्या मते मासा म्हणजे मांस नव्हे, तेव्हा "उंबलकड एपा" म्हणजे उंबलकड नको हे आईंना पाठ करून द्या. नाहीतर तमिळ शैव हॉटेलं शोधा, इडली डोसा सगळीकडे मिळतो. सकाळी इंडियाप्पा, आपल्या कोकणातल्या शिरवाळ्याच त्या.

आणि दोन गोष्टी चुकवू नका. मातीच्या मडक्यातलं म्हशीचं घट्ट दही आणि वरून किथुलचा पाक, हे किथुल म्हणजे आपला भेरली माड, चव काकवीच्या जवळची पण जरा धुरकट. आणि कवठाचं सरबत, दिवुल म्हणतात, रस्त्याकडेला मिळतं.

लोणचं_मुरलेलं
सासूबाई कवठ बघून "अगं महाशिवरात्र आली की काय" म्हणाल्या होत्या.

ट्रेनबद्दल मी सांगते कारण आम्ही तोंडावर आपटलोय. कँडी ते एल्ला साडेसहा सात तास, सीझनला रिझर्वेशन उघडल्या उघडल्या संपतं. आम्हाला कोणीतरी सांगितलं की बिनरिझर्व्ह डब्यात चढा, होते जागा. होते पण कोणाची? नावलपिटिया जाईपर्यंत सासूबाई बॅगेवर बसून आणि मी दारात एका परदेशी मुलीच्या सेल्फी स्टिकखाली. त्यापेक्षा असं करा, कँडी ते नुवारा एलिया गाडीनेच जा, आणि ट्रेन फक्त नानुओया ते एल्ला. नानुओया हे नुवारा एलियाचं स्टेशन. तीन तासांचा प्रवास आणि तोच सगळ्यात देखणा तुकडा आहे, मळे, पाईनचं जंगल, पट्टीपोळा, मग एकदम डावी उजवी बाजूच नाहीशी होते आणि खाली दरी. ड्रायव्हर सामान घेऊन रस्त्याने एल्लाला येऊन थांबतो. लेकीला दारात लटकू देऊ नका, व्हिडिओत छान दिसतं, झाडाच्या फांद्या डब्याला घासून जातात ते व्हिडिओत कळत नाही. पावसात दरड येऊन लाईन बंद पडते अधूनमधून, त्यामुळे आदल्या दिवशी चौकशी करा.

टेकडीवरचा
एल्लाला नऊ कमानींचा पूल बघालच, १९२१ चा, दगड विटा आणि सिमेंट, लोखंड नाही. तिथले लोक सांगतात की महायुद्धामुळे पोलाद आलंच नाही म्हणून असा बांधला. गाड्या दिवसाला मोजक्याच जातात, वेळ विचारून मग खाली उतरा, नाहीतर दोन तास कमानी मोजत बसाल. आईंना वरच्या एखाद्या चहाच्या टपरीवरूनही दिसतो.

आंबेमोहोर
व्हेल राहिलं. मिरिसाहून पहाटे बोटी सुटतात, नोव्हेंबर ते एप्रिल सीझन, निळा देवमासा दिसायची शक्यता चांगली. पण चार पाच तास उघड्या समुद्रात आणि अर्धी बोट पिशवीत तोंड घालून. आईंना न्यायचं नाही. जाणारे जातील, उलटीची गोळी आदल्या रात्री, आणि माशाच्या अंगावर बोट घालणारे काही लोक असतात, लांब थांबतो का हे आधी विचारून घ्या.

आईंसाठी गॉलचा किल्ला. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, डचांनी १६४० ला घेऊन पुढे हा दगडी तट उभारला, २००४ च्या त्सुनामीत बाहेरचं गाव धुऊन गेलं, बसस्टँड क्रिकेट मैदान सगळं, पण तटाच्या आतली घरं बरीचशी वाचली. संध्याकाळी पाचला तटावर चढायचं, अगदी सोपा चढ, आणि दीपगृहापर्यंत रमतगमत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कौलारू घरं आणि कोणाच्यातरी परसातली वाळत घातलेली धुणी. कसोटी चालू असली तर बाबांना तटावरून फुकट मॅच. दोन रात्री इथे ठेवा, बेंटोटा काढा.

आणि कॅलेंडर बघा, दर पौर्णिमेला पोया म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, दारू कुठेच मिळत नाही आणि देवळांना तुफान गर्दी. कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धाचा दात ठेवलाय त्या देवळात त्या दिवशी आईंना नेऊ नका. एरवी संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला न्या, ढोल ऐकण्यासारखे असतात. दात दिसत नाही हं, सोन्याची मंजुषा दिसते तीही क्षणभर. खांदे गुडघे झाकलेले हवेत आणि बुद्धाकडे पाठ करून फोटो नाही, लोक खरंच दुखावतात.

बिनसाखरेचा
हे मात्र बरोबर आहे. बाय द वे सिंहली आकडे ऐका तिकडे, एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. भाषा आपल्याच घराण्यातली आहे, तमिळशी नातं नाही. ही माहिती फुकट, कालच्या खोचकपणाबद्दल.

ढकलगाडी
मंडळी, एजंटशी बोललो. त्रिंकोमाली काढा म्हटल्यावर म्हणाला साहेब मग पॅकेजमध्ये स्टार पॉईंटच राहत नाही, मी म्हटलं राहू दे. आता असं झालंय: सिगिरिया दोन रात्री, कँडी एक, नुवारा एलिया एक, ट्रेनने एल्ला एक, उदवलवे करून गॉल दोन, तिथून थेट विमानतळ. व्हेलला मी आणि लेक, बायको म्हणाली मी आईंबरोबर तटावर बसते, उलट्या तुमच्या तुम्ही करा.

बाबांनी बिनसाखरेचा यांचा प्रतिसाद वाचला आणि "याला सांग मी नमस्कार त्याच्या वाटचाही करून येईन" असा निरोप दिलाय. आई सकाळपासून "उंबलकड एपा" म्हणत घरभर फिरतेय, आत्ता भाजीवाल्यालाही म्हणाली. एकच राहिलं, म्हशीचं ते दही नुवारा एलियाच्या थंडीतपण मिळतं का की खालीच?

आंबेमोहोर
सगळीकडे मिळतं पण खरं दक्षिणेचं. उदवलवेहून गॉलला उतरताना रस्त्याच्या कडेला मडकी टांगलेली दुकानं दिसतील, तिथे थांबवा गाडी. मडकं रिकामं झालं की आई धुऊन घरी आणतीलच, त्यामुळे जाताना बॅगेत जागा ठेवा.